धरसोड करा, पण रीतसर

दर चवथीला (आम्ही गोव्यात गणेश चतुर्थीला चवथच म्हणतो) आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची चौकट, बांधायला घरचे सगळे जमतात आणि दर चवथीला माझी मावशी खालून आंबाड्यांचा घोस वर देता देता तेच विचारते, "आणि मग, सध्या कुठं?" तो 'सध्या' ती असा काही उच्चारते की स्टुलावरचा माणूस खाली यावा. तिचंही बरोबरच आहे म्हणा. आधी मी डिचोली बाजूला खनिजाच्या लॅबमध्ये, मग हॉटेलच्या स्टोअरमध्ये, मग फार्मा कंपनीत, आता स्वतःचं काहीतरी, आणि मधल्या मधल्या काळात पेटी (हार्मोनियम), पक्ष्यांचे फोटो, जलरंग, मोडी लिपी, एक वर्ष तर चक्क मधमाश्या (त्या स्वतःच निघून गेल्या, तो विषय नको). 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण मी इतकी ऐकलीय की आता कुणी 'एक ना' म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. आणि चिंध्यांचीच गोधडी होते वगैरे उत्तर मी देणार नाहीये, ते रीलवाल्यांनी वापरून गुळगुळीत केलंय, शिवाय माझ्या चिंध्यांची गोधडी काही झालेली नाही.

एक गोष्ट मात्र वीसेक वर्षांनी डोक्यात शिरली. मी जे जे सोडलं त्यातलं बरंचसं सोडायचंच होतं, फक्त सोडताना ते वाटेल तसं टाकून दिलं, आणि मग परत त्याकडे जायची इच्छा झाली तेव्हा सुरुवात शून्याच्याही खालून करावी लागली. जिथे नीट आवरून निघालो होतो तिथे परतणं दोन दिवसांत झालं. नोकरीचं तेच, छंदाचंही तेच. तर ज्यांना एकात रमताच येत नाही अशांसाठी, मी आता काय करतो ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: वही घ्या, पण त्यात स्वप्नं लिहू नका

'तुमची आवड शोधा' छापाचे जे प्रश्न असतात ना, त्यांची उत्तरं आपण त्या दिवशीच्या मूडप्रमाणे देतो. सोमवारी मला शेतकरी व्हायचं असतं. म्हणून आवड नका लिहू, पुरावे लिहा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रविवार कुठे गेले, पगारातले सुटे पैसे कशावर उडाले, फोनमध्ये कसले फोटो आहेत, कपाटात कसली अर्धवट सामानं पडलीत, कुठलं काम रात्री अकरालाही घड्याळ न बघता केलंत. एकेका गोष्टीपुढे चार गोष्टी लिहायच्या: कधी सुरू केलं, का सुरू केलं, का थांबलं, आणि हातात काय उरलं.

तिसरा रकाना, का थांबलं, खरं बोलायला लावतो, तिथे वेळ द्या. 'वेळ मिळेना' हे उत्तर चालणार नाही, ते सगळ्यांचंच असतं. माझ्या वहीत मोडीपुढे लिहिलंय, 'अक्षरं आली, मग वाचायला कागदच नव्हता.' म्हणजे ते मुळात कोडं म्हणून आवडलं होतं, सुटलं, संपलं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पेटीपुढे लिहिलंय, 'शिफ्ट बदलली, भजनाची वेळ हुकायला लागली, मग लाज वाटायला लागली.' हे वेगळं प्रकरण आहे. इथे आवड संपलेली नव्हती, फक्त वाट बंद झाली होती. वहीत हा फरक दिसला की अर्धं काम झालं. जे संपलंय ते सोडून द्या, मनातल्या मनात त्याचे हप्ते भरू नका.

चौथ्या रकान्यात, हातात काय उरलं, तिथे डिग्र्या आणि सर्टिफिकेटं लिहू नका. लॅबमध्ये आम्ही खनिजातलं लोखंड काढायचो, नमुना आम्लात विरघळवायचा, मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचनळीतून, डायक्रोमेटचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, जांभळा रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त झाला की आकडा गेला, आणि त्या आकड्यावर अख्ख्या जहाजाचा भाव. त्यामुळे प्रत्येक नमुना दोनदा करायचा आणि दोन्ही आकडे लिहायचे, जुळत नसले तरी. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, आमच्या भागात कुणाचा ट्रक दारात उभा राहिला हप्त्यासकट, कुणाचं गॅरेज बंद, कुणाची खानावळ. माझी लॅबही गेली. खनिजातलं लोखंड मोजता येतं हे कलंगुटच्या हॉटेलात कुणाला सांगणार? पण 'दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं' ही सवय स्टोअरमध्ये मासळीच्या वजनाला लागू पडली, आणि तीन महिन्यांत मॅनेजरने चाव्याच माझ्याकडे दिल्या.

आपल्याकडचं याचं भारी उदाहरण म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात कोसबें गावी जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती, आयुष्यभर गणितात काम केलं. १९४४मध्ये त्यांनी आनुवंशिकीत जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं, ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात. आणि त्याच सुमारास ते जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूत घालत बसले, हजारो नाणी. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन कमी होतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो, तेव्हा वजनांचा हिशोब मांडला तर कुठला साठा आधीचा कुठला नंतरचा याचा अंदाज येतो. तिथून ते इतिहासात शिरले आणि भारतीय इतिहास लिहायची रीतच त्यांनी बदलली. बाहेरून बघणाऱ्याला धरसोड वाटेल, पण संख्याशास्त्र हे एकच हत्यार त्यांच्या हातात सगळीकडे होतं. (वडील धर्मानंद तर साखवाळहून उठून पाली शिकायला सिलोनपर्यंत गेलेले, घरातच असेल ते.) आपण कोसंबी नाही हे मला माहीत आहे, मावशीलाही माहीत आहे. पण आपलं हत्यार कुठलं एवढं तरी वहीतून काढता येतं.

दुसरं: तीन ढीग

वही झाली की सगळ्याचे तीन ढीग करायचे. मी त्यांना पोटाचं, चालू आणि निजलेलं म्हणतो.

पोटाचं म्हणजे ज्याने घर चालतं. ते आवडायलाच हवं अशी सक्ती नाही, फक्त त्याने संध्याकाळी माणूस पार पिळून निघू नये. चालू म्हणजे ज्याला आठवड्यातून ठरलेला वेळ मिळतो, आणि यात एका वेळी दोनच, तिसरं आलं की एक झोपवायचं. निजलेलं म्हणजे बाकी सगळं. सहा महिने हे ढीग हलवायचे नाहीत. मी पावसाळा आणि उन्हाळा असे दोन भाग करतो, जून ते नोव्हेंबर एक आणि डिसेंबर ते मे एक, कारण इथे सगळं हवामानावरच चालतं. पावसात पक्ष्यांचे फोटो काढायला जाऊन कॅमेरा भिजवण्यात काय अर्थ आहे, तेव्हा पेटी बरी. आणि श्रावणात भजनांना पेटीवाला लागतोच.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: निजवायची रीत

२००९मध्ये पेटी बंद झाली तेव्हा मी ती प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घातली, वरून सुतळी बांधली आणि माळ्यावर टाकली. धूळ जाऊ नये हा हेतू. २०२३च्या जुलैत काढली. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब. पट्ट्या ओलीने फुगून एकमेकींना अशा चिकटलेल्या की सा दाबला तर रे आणि ग सोबत खाली जायचे. भात्याच्या कोपऱ्यावरचं चामडं उंदरांनी कुरतडलेलं, त्यातून फुस्स आवाज. वरची फळी उघडली तर पितळी सुरांवर हिरवा थर, आणि खर्जाच्या एका सुरात पालीचं अंडं. वाळकं, रिकामं. दुरुस्तीवाल्याने पेटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, "भाऊ, ही ठेवली होती की पुरली होती?"

कॅमेऱ्याचं उलट झालं. २०१६च्या सप्टेंबरात फार्मातलं काम वाढलं आणि रविवार संपले, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून बॅटरी काढून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि माझ्या लॅबच्या खोडीने एक चिठ्ठी: 'करमळीचं तळं. सकाळी सातपर्यंत पोचायचं, ऊन बदकांच्या मागून येतं, बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहा. शटर १/१००० खाली नको. उडताना अजून जमत नाही.' पाच वर्षांनी डबा उघडला, चिठ्ठी वाचली, पुढच्या रविवारी करमळीला गेलो आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. उडताना अजूनही जमत नाही, पण कुठे अडलं होतं ते माहीत होतं.

तर निजवताना हे करायचं. वस्तू साफ करून, कोरडी करून ठेवायची. आपल्याकडे धुळीपेक्षा ओल वाईट, त्यामुळे पेटी, तबला, पुस्तकं यांना प्लास्टिक अजिबात नको, सुती कापड गुंडाळा आणि भिंतीला न टेकवता ठेवा, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर तर हात ठेवला तरी ओल लागते. कॅमेरा, लेन्सला घट्ट डबा चालतो पण आत जेल हवंच, निळं जेल ओल पिऊन गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून परत निळं करता येतं (जेवणाच्या भांड्यात नको, जुनं भांडं वेगळं ठेवा आणि वर 'खायचं नाही' असं लिहा, आमच्याकडे एकदा कुणीतरी चहात घालणार होतं). जलरंगाचे ब्रश धुऊन, टोक नीट करून, केस वर करून, सोबत कडुनिंबाचा सुका पाला. पेटी निजलेली असली तरी महिन्यातून एकदा पाच मिनिटं भाता मारायचा, सगळ्या पट्ट्यांवरून एकदा बोटं फिरवायची, याला सराव म्हणत नाहीत, हे फक्त दार उघडून हवा घालण्यासारखं आहे.

आणि चिठ्ठी. चिठ्ठी विसरू नका. कुठपर्यंत आलो, पुढे काय करणार होतो, कुठे अडलं, कोण मदत करायचं, एवढंच, चार-पाच ओळी. सहा महिन्यांनी, सहा वर्षांनी ती वाचणारा माणूस वेगळा असतो, तो सगळं विसरलेला असतो, त्याला पत्ता सांगितल्यासारखी लिहा.

चौथं: पोटाचं बदलायचं असेल तर

आधी पैशाचं, कारण त्याशिवाय बाकी सगळं गप्पाच. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा म्हणतात ते खरंय, पण तो खर्च मोजायचा कसा हे कुणी सांगत नाही. एका महिन्याचा आकडा गुणिले सहा असं करू नका. आपल्याकडे जून आणि चवथ हे दोन महिने वेगळेच असतात. पावसाआधी मुलांच्या वह्या-गणवेश, नळे (छपराची कौलं) परतायचे, पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचं, सामान भरायचं, आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरात चवथ. अख्ख्या वर्षाचा खर्च बँकेच्या स्टेटमेंटवरून काढा, बाराने भागा, मग सहाने गुणा. माझा आकडा माझ्या अंदाजापेक्षा सव्वापट निघाला होता आणि मी स्वतःला हिशोबी समजायचो.

पीएफ काढू नका, नव्या नोकरीत त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागतो, आणि ट्रान्सफर केला तर जुन्या नोकरीची वर्षंही धरली जातात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं लागतात, चार वर्षं नऊ महिन्यांवर आला असाल आणि साहेब फक्त चिडका असेल तर तीन महिने कळ काढा. हिशोब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० असेल आणि सात वर्षं झाली असतील तर साधारण ७२,७०० रुपये होतात, म्हणजे दोन-तीन महिन्यांचं घर. मेडिक्लेमचं मात्र लोक हमखास विसरतात. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर जाते, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण हे राजीनाम्याआधी एचआरला विचारा, नंतर फोन उचलत नाहीत. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड रिन्यू केलंय का तेही बघा.

मग वेळ. गोव्यात पर्यटनाशी लागून काही करणार असाल तर सीझन ऑक्टोबर ते मे, आणि माणसं घ्यायला लागतात त्याच्या थोडं आधी. जूनमध्ये जोशात नोकरी सोडून 'मी आता होमस्टे करणार' म्हणणारे दोघे जण माझ्या ओळखीत आहेत, दोघांनी पहिले चार महिने फक्त छत गळताना बघितलं.

सोडण्याआधी करून बघा. माझं सध्याचं काम असंच सापडलं. शेजारच्या वहिनी कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, करून विकायच्या आणि दर जूनला त्यांच्या दोन-चार बाटल्यांची बुचं उडायची, एकदा तर स्वयंपाकघराची भिंत जांभळी. मी विचारलं मीठ किती घालता, म्हणाल्या, "हात जाईल तेवढं." मी लॅबवाला, मला राहवेना. पुढच्या मे महिन्यात काटा घेऊन गेलो, प्रत्येक घाण्याचं कोकम किती, मीठ किती, कुठल्या तारखेला, कुठल्या बाटल्यांत, सगळं शाळेच्या वहीत, बाटलीवर पेनाने नंबर. त्या जूनमध्ये उडालेली बुचं सगळी एकाच नंबरची निघाली, आणि वहीत बघितलं तर त्याच दिवशी मीठ संपलं म्हणून कमी पडलं होतं. तीन उन्हाळे हे मी रविवारी फुकट केलं, नोकरी चालू असताना. मग त्यांच्या बहिणीचं लोणचं, मग फोंड्याच्या एकांचे काजू, मग लेबलं, एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागणारी) नोंदणी, बॅचचं रजिस्टर. २०२२मध्ये फार्मा सोडली तेव्हा पाच गिऱ्हाईकं होती. कमी होती, खरं सांगायचं तर आठ हवी होती, पहिला पावसाळा जड गेला.

नवीन शिकायचं तर वय आड येतंय असं आधीच ठरवू नका. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नसते, आणि आयटीआय पणजी, म्हापसा, डिचोली, फर्मागुडी, मडगाव, काणकोण अशा सगळीकडे आहेत. इग्नूचं प्रादेशिक केंद्र पर्वरीला आहे. स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन साइटवर कोर्स फुकट करता येतात, परीक्षेची फी तेवढी भरायची. आणि बसून वाचायला पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२पासूनची परंपरा आहे त्याला, वर एसी, घरी पंख्याखाली झोप येते तशी तिथे येत नाही. पण कोर्स करण्याआधी ते काम करणाऱ्या दोघांना भेटा आणि त्यांना एकच विचारा, कंटाळवाणा भाग कुठला. चांगला भाग सगळे सांगतात. कंटाळवाणा भाग ऐकूनही तुम्हाला करावंसं वाटलं तर पुढे जा.

आणि निघताना नीट निघा. नोटीस पिरियड पुरा करा, तुमच्या खुर्चीत येणाऱ्याला चिठ्ठी ठेवा, तीच कॅमेऱ्याच्या डब्यातली, थोडी मोठी. हॉटेल मी भांडून सोडलं, तिथला अनुभवाचा दाखला मिळवायला मला अकरा महिने लागले. फार्मातून निघताना चाळीस पानं लिहून ठेवली, कुठलं मशीन कधी रुसतं इथपर्यंत, आणि माझं सहावं गिऱ्हाईक तिथल्याच जुन्या सुपरवायझरने पाठवलं.

पाचवं: परत येणं

छंदाकडे परतताना पहिली चूक खरेदीची. नवी पेटी, नवे रंग, महागडा कागद. घेऊ नका. तीन महिने जुन्यावर, मोडक्यावर करा. पेटी दुरुस्तीला दिली होती तेव्हा तीन आठवडे मी टेबलाच्या कडेवर बोटं चालवली, घरच्यांना वाटलं टेन्शन आहे.

दुसरी चूक म्हणजे जिथे सोडलं होतं तिथूनच धरायला जाणं. कान लगेच परत येतो, बोटं येत नाहीत, आणि मग आपल्यालाच आपलं वाजवणं ऐकवत नाही. कान पुढे आणि हात मागे, हे अंतर पहिले दोन महिने फार छळतं, त्यातच लोक परत सोडतात. मी रोज वीस मिनिटं ठरवली, मोबाइलवर टायमर लावून, वीस झाली की चांगलं चाललेलं असलं तरी बंद. पहिला आठवडा फक्त सा लावून धरणं, काळी एकवर, भाता एकसारखा मारता येतो का बघत. सगळ्यात आधी भाताच बिघडलेला असतो, आवाज दम लागल्यासारखा वर-खाली होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अलंकार, अगदी बिगारीतले. मग एकच अभंग, रोज तोच. चौथ्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आज बोअर कमी झालं." मी ते वहीत लिहून ठेवलंय.

तिसरं, एकट्याने करू नका, आणि जागा हुशारीने निवडा. आपल्याकडे गाणं-नाटक म्हटलं की बरीच दारं उघडी असतात, पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर, मडगाव, साखळी, कुडचड्याची रवींद्र भवनं, तिथे जाऊन निदान नोटीस बोर्ड वाचत जा. पण परतणाऱ्या माणसाला खरी जागा गावातच मिळते. आमच्या देवळात सप्त्याला चोवीस तास भजन अखंड चालतं, वाड्यावाड्यांनी वेळ वाटून घेतलेली असते. संध्याकाळचे पार (भजनाच्या पाळ्या) नावाजलेल्या बुवांचे, तिथे आपलं काम नाही. पहाटे तीनच्या पाराला मात्र कुणी येत नाही, पेटीवाला तर मिळतच नाही. मी सांगितलं, तीनचा मी वाजवतो. पाच माणसं, त्यातला एक झोपेत टाळ वाजवत होता, मी दोनदा चुकलो, कुणी वळूनही बघितलं नाही. तीनला वाजवणारा कसाही चालतो, फक्त तो आलेला असला पाहिजे. नाटकाचं तसंच, जत्रेच्या नाटकात परत शिरायचं असेल तर भूमिका मागू नका, प्रॉम्प्टिंग मागा, पडद्यामागचं मागा, ते कुणालाच नको असतं आणि तालमीला रोज बसायला मिळतं.

मधेच एक: छंदातून पैसे

याबद्दल थोडक्यात, कारण माझं मत लोकांना आवडत नाही. तुमच्या दोन चालू गोष्टींपैकी एक तरी अशी ठेवा जिचे पैसे घ्यायचे नाहीत. एकीची तवसाळी (काकडीचा गोड केक) इतकी सुंदर व्हायची की लोक म्हणाले ऑर्डरी घे, तिने घेतल्या, आता काकडी बघितली की तिला पोटात गोळा येतो. आगळाची वही माझी रविवारची मजा होती, आता ते पोटाचं आहे, आणि खरं सांगतो, मजा थोडी कमीच झाली. म्हणून पेटीचं मी मानधन घेत नाही. पहाटे तीनला मिळणारे चणे आणि चहा घेतो.

घरच्यांचं काय

घरच्यांना ढीग दाखवा, खरंच वही उघडून दाखवा. आमच्या हिला माझ्या नव्या नादाचा त्रास कधीच नव्हता, प्रत्येक नादाबरोबर घरात येणाऱ्या आणि कधीच न जाणाऱ्या सामानाचा होता. आता नियम असा की निजलेल्या सगळ्याला मिळून एक कपाट, माळा बंद. मधमाश्यांची पेटी मी या मे महिन्यात एका मुलाला देऊन टाकली, चिठ्ठीसकट. चिठ्ठीत एकच ओळ होती, 'मुंग्यांपासून सांभाळ.'

यंदा चवथीला आरतीला पेटी मीच घेऊन बसलो होतो, घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्या पोरांच्या मधोमध, ती पोरं काय कुणाला ऐकू देतात म्हणा. माटोळीखाली मावशी पाट घेऊन बसलेली. आरत्या संपल्या, प्रसाद वाटून झाला, मला वाटलं आता 'सध्या' येणार. ती जवळ आली आणि म्हणाली, "तुझा वरचा सा अडकतो रे मधेच, करून का घेत नाहीस?" अडकतो खरा. पट्टी अजून थोडी फुगलेली आहे. दुरुस्तीवाला म्हणतो पावसात हात लावायचा नाही, आता तासली तर उन्हाळ्यात ढिली होईल, नोव्हेंबरात घेऊन या.